कंबरेचा पट्टा: बांधायचा कसा आणि उपयोग होतोय का, हे घरीच कसं पाहायचं

इंदूरच्या दवा बाजारात एलएस (लंबोसॅक्रल) बेल्ट, म्हणजे कंबरेचा पट्टा, घ्यायला निघण्याआधी घरी टेपने माप घ्या. पँटीचा नंबर इथे चालत नाही. पँट बऱ्याच जणांची पोटाखाली बसते, पट्टा मात्र बेंबीच्या पातळीवर येतो. श्वास सोडून, टेप न आवळता घेर मोजा आणि खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवा.

लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातला जोर कमी होत जाणं, ताप किंवा पडल्यानंतरचं दुखणं यांपैकी काही असेल तर पट्टा बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. हर्निया, हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारून घ्या, कारण पट्ट्याने पोटातला दाब वाढतो.

बांधताना खाली सुती बनियन हवं. मागच्या उभ्या पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या आणा. श्वास सोडा, मोठं वेल्क्रो लावा, मग बाजूचे इलॅस्टिक दोन्ही हातांनी एकदमच ओढा. एकेक ओढलं की पट्टा तिरका होतो. आत दोन बोटं शिरली पाहिजेत. आता स्टुलावर बसा. पुढची कड मांडीत रुतली तर पट्टा फार खाली आहे.

पट्टा कंबर उचलून धरतो, हा समज अर्धाच खरा. कंबर किती वाकली आहे हे न बघता कळतं ते स्नायू, सांधे आणि कातडीकडून मेंदूला जाणाऱ्या खबरींमुळे. जुन्या कंबरदुखीत काहींची ही जाण बोथट होते. पट्टा कातडीवर दाबतो आणि वाकताच ओढ लागते, म्हणजे खबर वाढते. सगळ्यांनाच हा फायदा होत नाही, म्हणून तपासा.

भिंतीला खांदा जेमतेम न टेकेल असं स्टूल ठेवा. हात छातीवर घडी घाला. ते मांडीला लागले तर किती वाकलो हे त्या स्पर्शावरूनच कळतं. पुढे निम्म्यापेक्षा कमी वाका, ५ सेकंद थांबा, घरच्या कुणाला तरी खांद्यासमोर भिंतीवर पेन्सिलची खूण करायला सांगा. सरळ व्हा, डोळे मिटा, तेवढंच वाका, पुन्हा खूण. असं ५ वेळा, मध्ये ‘बरोबर’, ‘थोडं खाली’ असं काही न बोलता. प्रत्येक खूण पहिलीपासून किती सेंटीमीटर दूर आहे ते लिहा आणि सरासरी काढा. मग पट्टा लावून हेच. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, नाहीतर सरावाने सुधारलेला आकडा पट्ट्याच्या खात्यात जमा होतो. वाकताना कळ आली तर थांबा.

आकड्यांत फरकच नसेल तर आणखी आवळून तो पडणार नाही. पट्टा लावल्यावर सरासरी कमी आली तर तो कामापुरता लावा: नर्मदेचं पाणी आलं की बादल्या भरताना, किंवा स्कूटरवरून लांब जाताना. १५ लिटरची बादली पट्टा असला तरी १५ किलोचीच असते, अर्धी भरा. १९९४ मध्ये कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेनेही सांगितलं होतं की निरोगी कामगारांना पट्ट्याने इजेपासून संरक्षण मिळतं याला पुरेसा पुरावा नाही.

झोपताना पट्टा काढायचा. दिवसातून दोनदा, पट्ट्याशिवाय, स्टुलावर बसून ओटीपोट हळूच पुढे-मागे झुकवा आणि डोळे मिटून मधोमध परत या, १० वेळा. ते जमू लागलं की पट्ट्याचा वेळ कमी करत न्या. धुताना आतल्या पट्ट्या काढा आणि वेल्क्रो मिटवून ठेवा. त्यात दोरे अडकले की ते पकडेनासं होतं आणि पट्टा दिवसभर घसरत राहतो.