सोलापुरात फूड ट्रकवरचा मेक्सिकन तोर्ता कसा खावा

आमच्या भागात संध्याकाळी एक फूड ट्रक उभा राहतो. तिथलं मेक्सिकन सँडविच मी पहिल्यांदा घेतलं ते पार्सल. घरी पोचेपर्यंत पाव आतल्या रसानं भिजून लगदा झाला होता, आणि यात एवढं काय आहे, असंच वाटलं. पुढच्या आठवड्यात तेच गाडीपाशी उभं राहून, तव्यावरून उतरल्या उतरल्या खाल्लं. त्या दिवसापासून मी तिथला नेहमीचा गिऱ्हाईक झालो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, पार्सल नेऊ नका.

मेक्सिकोत पावातल्या या सँडविचला ‘तोर्ता’ म्हणतात. टॅको मक्याच्या पोळीत गुंडाळतात, तोर्ता पावात भरतात. तिकडचे पाव म्हणजे बोलियो किंवा तेलेरा. बोलियो लांबट, टोकांना निमुळता आणि वरून कडक. तेलेरा चपटा, त्यावर दोन खाचा. आपल्याकडे गाडीवर लांब पाव किंवा लादी पाव वापरतात. आत वाटून परतलेला राजमा, कांदा, टोमॅटो, चीज आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली मिरची, आणि आमच्या गाडीवर त्यावर शेंगा चटणी!

जायची वेळ

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे दिवे लागल्यावरच निघा. थोडी गर्दी असलेली बरी, कारण तेव्हा तवा सतत तापलेला असतो आणि राजमा पडून राहत नाही. मेयोनीज किंवा क्रीमचा सॉस कुठे ठेवलाय तेही पाहा. तो उघड्यावर असेल तर सरळ ‘सॉस नको’ म्हणा. गाडीवर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नोंदणी क्रमांक लावलेला असायला हवा, त्यावरही एक नजर टाका.

काय सांगून घ्यायचं

‘मालक, पाव आतून कडक करा,’ हे पहिलं. पाव उघडून त्याची आतली बाजू तव्यावर दाबून खरपूस करायला लावा. बरेच जण फक्त वरून भाजून घेतात आणि रस मात्र आतून झिरपतो.

राजमा गरम आहे ना, तेही विचारा. मेक्सिकोत या वाटलेल्या घेवड्याला ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणतात. नावावरून तो दोनदा तळतात असं वाटतं, पण ‘रेफ्रितो’चा अर्थ चांगला परतलेला एवढाच. पळीतून तो जाडसर पडला पाहिजे, आमटीसारखा वाहता नको.

फलकावर बहुतेक ‘जलापिनो’ लिहिलेली मिरची असते, तिचा खरा उच्चार ‘हालापेन्यो’च्या जवळ जातो. ती व्हिनेगरमधली असते, आणि आपल्या लवंगी मिरचीच्या मानानं सौम्य. तिखटाला नाही तर आंबटपणाला तिची गरज आहे, म्हणून ती काढायला सांगू नका. अवोकाडो नसला तरी माझी तक्रार नाही. त्याचं काम चीज आणि राजमा मिळून करतात.

आता शेंगा चटणी. माझ्या मते या गाडीवाल्याची खरी करामत इथेच आहे. मेक्सिकोच्या वेराक्रूस भागात ‘साल्सा माचा’ नावाचा प्रकार करतात: सुक्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे किंवा तीळ तेलात तळून वाटायचे आणि त्याच तेलात ठेवायचे. आपली चटणी तळत नाहीत. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. तरी दोन्हींची चव शेजारीशेजारी ठेवली तर सख्खं नातं कळतं. मिरची मूळची मेक्सिकोकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, आणि ‘पाव’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. तोर्त्यात शेंगा चटणी घालणारा म्हणजे लांब गेलेल्या पोरीला माहेरी आणणारा माणूस, असं मला मनापासून वाटतं.

तर चटणी कोरडी भुरभुरू देऊ नका. एक चमचा तेलात कालवून ती पावाच्या भाजलेल्या आतल्या बाजूला लावायला सांगा. तेलाचा थर टोमॅटोचं पाणी पावात शिरू देत नाही आणि कडकपणा जास्त वेळ टिकतो.

खाताना

बटर पेपर पूर्ण काढू नका. वरचा चौथा भाग उघडा आणि खाल तसा सोलत जा. दोन्ही हातांनी धरा, थोडं पुढे वाका. पहिला घास मधून नको, कोपऱ्यातून घ्या, म्हणजे सगळं एकदम मागच्या बाजूनं बाहेर पडत नाही. लिंबू पूर्ण पिळू नका, प्रत्येक दोन घासांनंतर दोन थेंब पुरे.

सॉस जास्त हवा असेल तर वाटीत वेगळा मागा आणि बुडवून खा. ग्वादालाहारा शहरात ‘तोर्ता आहोगादा’ मिळतो, म्हणजे बुडवलेला तोर्ता. तो मिरचीच्या आणि टोमॅटोच्या सॉसमध्ये भिजवूनच देतात, पण त्याला ‘बिरोते’ नावाचा कडक पावच लागतो, मऊ पाव त्यात विरघळून जाईल. कडक भाकरी रश्श्यात कुस्करून खाणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाडीवरचा पाव तेवढा कडक नसतो, म्हणून आपण फक्त कडा बुडवायची.

तिखट लागलं तर पाण्याची बाटली तोंडाला लावू नका. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात नीट विरघळत नाही. दूध-दह्यातलं केसीन नावाचं प्रथिन ते धरून नेतं. म्हणून शेजारच्या गाडीवर ताक मिळत असेल तर तोर्ता सांगतानाच तेही घेऊन ठेवा.

घरी न्यायचाच असेल तर

म्हाताऱ्या आईला गाडीपाशी उभं राहणं जमत नाही, तेव्हा मीही नेतो. अशा वेळी भाजलेला पाव, गरम राजमा, कांदा-टोमॅटो आणि चटणी सगळं वेगवेगळं बांधून मागा. घरी पाव पुन्हा तव्यावर फिरवून भरा. राजमा स्वतः करणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि दाणा बोटांनी सहज चिरडेल इतका उकळून शिजवा. कच्च्या राजम्यातल्या विषारी द्रव्यानं उलट्या होतात. मग लसणाच्या फोडणीत तो वाटत वाटत परता, कढईच्या कडा सोडायला लागला की झाला.