बहरात फवारा मारायचा तर कधी आणि कसा

आमच्या विहिरीवर उंबर आहे. त्याच्या फांदीला जवळपास दर हिवाळ्यात आग्या मोहोळ लागतं. वावर कळमेश्वर तालुक्यात, चार एकर संत्रा आणि तीन एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, तिच्यात तुरीच्या ओळी. सहा वर्षांआधी फेब्रुवारीत संत्र्याचा अंबिया बहर फुलला आणि नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, सिला ही रस शोषणारी बारकी कीड दिसली. दुकानातून दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक असं चौघांचं मिश्रण मिळालं. ब्लोअरवाला सकाळी दहालाच मोकळा होता, म्हणून दहालाच मारून घेतलं. दुपारी झाडांखाली मधमाशा पाठीवर पडून गरगर फिरत होत्या, सोंडा बाहेर आल्या होत्या. मामाजी काठी टेकत आले, बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काहून मारल्या व ह्या? ह्यायनं काय खाल्लं होतं आपलं?"

चार दिवसांत उंबरावरचं मोहोळ ओसाड झालं. त्या साली फळही कमी बसलं. गारपीटही झाली होती, म्हणून सगळा दोष मी फवाऱ्यावर टाकत नाही. पण मामाजींच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

फवारणी बंद करा, हे मी सांगणार नाही. सिला, काळी माशी, बोंडअळी माझ्याही वावरात येते आणि बँकेचा हप्ता मलाही आहे. मी सांगते ते एवढंच, की तोच फवारा माशा वाचवून कसा मारायचा. गेली पाच वर्षं मी असंच करून राहिली आहे.

बाटलीवरचा त्रिकोण माशीसाठी नाही

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी, हे आपण सगळेच जाणतो. पण ही उतरंड माणसासारख्या प्राण्यांसाठी आहे. उंदरांवर चाचणी होते आणि वजनाच्या एका किलोमागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेल्यावर निम्मे उंदीर मरतात, त्यावरून रंग ठरतो. ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. मधमाशी या हिशेबात कुठेच नाही. थायोमेथॉक्झामवर निळा त्रिकोण असतो, म्हणजे माणसाला मध्यम. माशीला मात्र त्याचा कणभर पुरतो. युरोपियन संघाने २०१८ साली हे औषध, इमिडाक्लोप्रिड आणि क्लोथियानिडिन या तिघांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मुख्यतः मधमाशांपायीच.

म्हणून आधी डब्यातली घडी घातलेली चिटोरी उघडा. अक्षर मुंगीएवढं असतं, मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा. "मधमाशांना विषारी, फुलोऱ्यात फवारू नये" अशी ओळ बऱ्याच औषधांत त्याच कागदावर सापडते. मी ती पंधरा वर्षं न वाचता चुलीत घातली.

२०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले. त्यानंतर मास्क आणि हातमोज्यांची गोष्ट गावागावात निघाली, निघायलाच पाहिजे होती. पण जे औषध माणसाला आडवं करतं, ते त्याच वावरातल्या माशीचं काय करत असेल, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

फूल उघडायच्या आधी

संत्र्यात सिला नवतीवर येते, आणि अंबिया बहरात नवती अन् फूल जवळपास संगतीनेच निघतात. खरी अडचण हीच आहे. मी आता जानेवारीपासूनच दर दोन-तीन दिवसांनी बागेत फिरते, प्रत्येक ओळीतल्या दोन-तीन झाडांची कोवळी शेंडी भिंगाखाली पाहते. पिलं दिसली तर लगेच बाटली उघडत नाही. त्यातली काही पिलं तपकिरी, फुगलेली आणि वाळलेली असतात, कधी पाठीवर गोल भोकही असतं. म्हणजे टॅमारिक्सिया नावाची बारकी गांधीलमाशी तिथं आपलं काम करून गेली आहे. ती सिलेच्या पिलांवरच वाढते. अशी वाळलेली पिलं बरीच दिसली, तर मी आठवडाभर थांबते. दोनदा थांबले, दोन्ही वेळा फवारा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

मारायचंच असेल तर कळी बंद असताना मारा, नाहीतर पाकळ्या गळाल्यावर. मधल्या दिवसांत हात आवरा. यात एक गोम आहे. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथॉक्झाम यांसारखी औषधं आंतरप्रवाही आहेत. ती झाडाच्या रसात शिरतात आणि फूल उघडल्यावर मकरंदात अन् परागात उतरतात. म्हणून "कळीवर मारलं, फुलावर नाही" हा बहाणा त्यांच्या बाबतीत चालत नाही. बहराच्या तोंडावर मी ती वापरतच नाही.

पऱ्हाटीचं गणित वेगळं आहे. कंपनीचं बियाणं बहुतेक आधीच कीटकनाशक लावून येतं. त्या औषधाच्या जोरावर कोवळ्या रोपाचा मावा-तुडतुड्यांपासून पहिला महिनाभर तरी बचाव होतो. तरी पेरणीनंतर वीस दिवसांत पंप पाठीवर घेणारे माझ्याच शिवारात आहेत. शिवाय पऱ्हाटीला फूल नसलं तरी माशी येते, कारण तिच्या पानाखालच्या शिरेवर गोड रस पाझरणारी ग्रंथी असते. पान उलटून पाहा, मुंग्या सापडतील.

वेळ, आणि मजुराचा हिशेब

उन्हं उतरल्यावर, माशा घरी गेल्यावर फवारा मारा. हे सगळेच सांगतात. पण मजूर पाच वाजता डबा उचलतो आणि ब्लोअरवाल्याला संध्याकाळी दुसऱ्याचं काम असतं, हे कुणी सांगत नाही. मी ब्लोअरवाल्याला दोन दिवस आधी सांगते आणि संध्याकाळच्या फेरीचे थोडे पैसे वाढवून देते. चहा माझ्याकडे. फेब्रुवारीत साडेपाचला सुरू केलं तर अंधार पडेपर्यंत दीड-दोन एकर होतं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. बूट घाला, संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साप निघतो.

पहाटेचं काय? दवाने पानं ओली असतात, औषध पसरून ओघळतं, आणि ते वाळायच्या आत माशा हजर होतात. संध्याकाळी मारलं तर रात्रभर वाळायला वेळ मिळतो. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असताना माशीला घातक असतं, वाळल्यावर त्याचा जोर बराच उतरतो. क्लोरपायरीफॉस आणि पायरेथ्रॉइड गटातली औषधं मात्र वाळूनही पानावर दिवसेंदिवस माशीला त्रास देतात, म्हणून फुलावर ती संध्याकाळीही नको.

पौर्णिमेच्या मागेपुढे एक गोष्ट पाहा. आग्या माशी चांदण्या रात्रीही चरायला निघते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली. मग माघातल्या एका पौर्णिमेला रात्री अकराला बागेत गेले, तर झाडं गुणगुणत होती. तेव्हापासून फवारणीचा दिवस कॅलेंडर पाहून धरते.

तुरीचं फूल साधारण दुपारी खुलतं. तुरीवर मधमाशीपेक्षा मोठा काळा-निळा भुंगा आणि पानं गोल कापणारी माशी जास्त दिसते. गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखी गोल खाच दिसते ना, ते तिचंच काम. ती खाच पाहून गुलाबावर औषध मारू नका, झाडाला काही होत नाही. तुरीत घाट्याच्या अळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू मिळतो. तो त्या अळीपुरताच आहे, माशीला काही करत नाही. उन्हाने तो निकामी होतो, म्हणून तोही संध्याकाळीच मारावा लागतो. मजुराला दोन कारणं सांगण्यापेक्षा हे एक कारण सांगणं मला सोपं जातं.

काय घ्यायचं आणि काय मिसळायचं नाही

दुकानदाराला रोगाचं नाव सांगून औषध मागाल, तर तो पिशवी भरून देतो. मी आता औषधाचं नाव लिहून नेते. अळीसाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, पऱ्हाटीवरच्या रसशोषक किडींसाठी फ्लोनिकॅमिड. दोन्ही माशीला तुलनेने कमी घातक आहेत. कमी म्हणजे शून्य नाही, वेळ तीच पाळायची. पिकाला शिफारस आहे का, हे चिटोरीवर पाहायचंच. शंका असेल तर आपल्या नागपुरातच अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची आणि वर्धा रोडला कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. एका फेरीत दोन्हीकडे जाऊन येता येतं.

चौघांचं मिश्रण एका टाकीत, हे अजिबात नको. मला वाटायचं, बुरशीनाशक माशीला काय करणार? एकटं असतं तर फारसं करतही नसेल. पण प्रोपिकोनॅझोलसारखी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं माशीच्या शरीरातली विष जिरवायची यंत्रणाच बंद पाडतात. मग त्याच टाकीतलं पायरेथ्रॉइड तिला कितीतरी पट जोरात लागतं. पैसे वाचावे, एकाच फेरीत काम व्हावं म्हणून आपण मिसळतो आणि नको ते होऊन बसतं.

भुकटी तर फुलावर कधीच धुरळू नका. ती माशीच्या केसांना परागासारखी चिकटते आणि माशी ती पोळ्यात घेऊन जाते.

निंबोळी अर्क मी घरीच करते. पाच किलो निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवते, सकाळी फडक्याने गाळते, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवते आणि एकूण शंभर लिटर करते. हा पाच टक्के अर्क. तोही संध्याकाळीच मारायचा. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखालून गोळा करून सावलीत वाळवा, पावसात भिजलेल्यांना बुरशी येते.

पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर फवाऱ्याचा विचार करा. त्याआधी नाही. शेजारी मारून राहिला म्हणून मारणं, यात मीही खूप पैसे घालवले. शिवाय पायरेथ्रॉइडच्या जास्त फवाऱ्यांनी पांढरी माशी वाढते, कारण तिला खाणारे ढालकिडे अन् हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा आधी मरतात. मग तिच्यासाठी परत औषध.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबतीमागे "ईडापीडा घेऊन जा गे मारबत" ओरडतो. त्या यादीत ढालकिडा कधी नव्हता. आपण मात्र पंपातून सगळ्यांनाच तिच्या मागे लावून देतो.

धुरा आणि झाडाखालचं गवत

हे माझ्याही लक्षात उशिरा आलं. संत्र्याचं फूल गळलं, आता मारायला हरकत नाही, असं आपण म्हणतो. पण झाडाखाली एकदांडी फुललेली असते आणि माशा तिच्यावर असतात. ब्लोअरचं तुषार खाली येतंच. म्हणून फवाऱ्याच्या एक-दोन दिवस आधी झाडाखालचं गवत कापून घ्या. सगळं मात्र कापू नका, धुऱ्यावरचं राहू द्या, आणि धुऱ्यावर तणनाशक तर अजिबात नको. मी धुऱ्यावर चार ओळी सांबार म्हणजे कोथिंबीर टाकते आणि अर्धं खुडायचं सोडून फुलू देते. त्या पांढऱ्या फुलांवर मावा खाणाऱ्या अळ्यांची आई, म्हणजे पिवळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी, झुंबड करते. ती गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही. बऱ्याच रानमाश्या धुऱ्याच्या मोकळ्या मातीत भोकं करून राहतात, म्हणून उरलेलं औषध तिथं ओतू नका.

वारं असेल तर थांबा. धुळवडीसारखी चिमूटभर राख उडवून बघायची. ती शेजाऱ्याच्या फुललेल्या बागेकडे जात असेल तर आज नाही.

शेजारी कुणी मधपेट्या ठेवल्या असतील तर आदल्या दिवशी फोन करा. पेटी हलवायची तर तीन किलोमीटरच्या पलीकडे, नाहीतर माशा जुन्या जागी परत येतात. हलवणं जमत नसेल, तर पेटीवर ओलं पोतं टाकून दार काही तासांपुरतं बंद करतात, हवा खेळती ठेवून. पण आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात बंद पेटी फार वेळ ठेवू नका. आत पोळं वितळतं आणि माशा गुदमरून मरतात.

आणि पाणी. माशीला पाणी लागतं, ती ठिबकच्या गळक्या तोटीवर आणि पंप धुतलेल्या डबक्यावर बसते. पंप विहिरीपासून लांब, न पिकवलेल्या कोरड्या जागी धुवा, डबकं राहू देऊ नका. उंबराखाली मी घमेल्यात पाणी ठेवते आणि त्यात कौलाचे तुकडे टाकते, म्हणजे माशी बुडत नाही. ते रोज बदलावं लागतं. नाहीतर त्यात डास होतात, आणि मग घरातलंच कुणीतरी त्यांच्यासाठी फवाऱ्याचा डबा घेऊन येतं.