उत्तरेकडे तोंड असलेली इमारत

कॉलेजच्या माहितीपत्रकासाठी मुख्य इमारतीचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी एस.वाय.ला होतो. कॅमेरा मामेभावाचा, लेन्स त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची. डिसेंबर होता. गॅदरिंगच्या धामधुमीत चार दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ मी त्या इमारतीसमोर उभा राहिलो आणि घरी येऊन बघितलं तर सगळे फोटो मेलेले. पुण्यातल्या जुन्या कॉलेजांसारखीच आमचीही इमारत काळ्या घडीव दगडाची. फोटोत ती कोळशाच्या वखारीसारखी दिसत होती आणि वर आकाश पांढरंफटक.

मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. यूट्यूबवर रात्री जागवल्या. शेवटी भूगोलाच्या बाईंना सहज फोटो दाखवले तर त्या म्हणाल्या, "अरे, या इमारतीचं तोंड उत्तरेला आहे. थंडीत सूर्य दिवसभर तिच्या पाठीमागेच असतो. ऊन येणार कुठून?"

कॅम्पसचे फोटो काढायला निघालेल्या प्रत्येकाने कॅमेऱ्याच्या आधी होकायंत्र उघडावं, ते फोनमध्ये असतंच. पूर्वेला तोंड असेल तर सकाळ, पश्चिमेला असेल तर साडेचारनंतर, हे सरळ आहे. दक्षिणमुखी इमारतीला थंडीत दिवसभर ऊन मिळतं. अडचण उत्तरमुखीची. आपल्याकडे मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवतो, तेवढ्याच काळात सकाळी आणि संध्याकाळी तिच्या अंगावर तिरपं ऊन पडतं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, पण तोवर पावसाळी ढग आलेले असतात.

म्हणून मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला गेलो. परीक्षा चालू असल्याने कॅम्पस शांत होता आणि गुलमोहर नुकता लाल व्हायला लागला होता. ऊन भिंतीला जवळजवळ घासून जात होतं. त्या उन्हात पहिल्यांदा मला दगडावरचे टाकीचे घाव दिसले. प्रत्येक दगडाला वेगळा उतार, दरजांमधून बारीक सावल्या. दोन वर्षं त्या पायऱ्यांवर चहा पीत बसलो होतो, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. साडेनऊच्या सुमारास ऊन भिंतीवरून निघून गेलं आणि वखार परत आली.

आता काळ्या दगडाबद्दल. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. चौकटीत नुसता काळा दगड भरला तर ते दगडाला राखाडी करून टाकतं. आकाश जास्त घेतलंत तर आकाश सांभाळायच्या नादात दगड बुडवतं. मी ट्रायपॉड लावून एकाच चौकटीचे तीन फोटो घेतो: पहिला मीटर म्हणतं तसा, दुसरा दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे एकात आकाश नीट येतं, एकात दगड. सगळे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ८. वेळ कमी असेल आणि एकच घ्यायचा असेल तर आकाश फाटू देऊ नका. अंधारातला दगड रॉमधून बराच वर काढता येतो, पांढरं झालेलं आकाश परत आणता येत नाही.

इमारत उंच असली की आपण कॅमेरा वर करतो आणि भिंती आत झुकतात, मनोरा मागे पडायला आल्यासारखा वाटतो. मुंबईत राजाबाई टॉवरचा फोटो पायथ्याशी उभं राहून काढून बघा, २८० फुटांचं ते प्रकरण लगेच समजावतं. लांब जा, शक्य असेल तर समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून घ्या. उरलेला झोल एडिटिंगमध्ये सरळ होतो, पण त्यात कडा कापल्या जातात. चारही बाजूंना जागा सोडूनच फोटो घ्या.

परवानगीचं पत्र सही-शिक्क्यासकट खिशात ठेवा. ओळखीचा वॉचमन सुट्टीवर असतोच. होस्टेलकडे कॅमेरा वळवू नका, आणि विद्यार्थ्यांचे चेहरे ओळखू येत असतील तर त्यांना विचारा.

एडिटिंगसाठी पैसे खर्च करायची गरज नाही, मी अजूनही डार्कटेबल हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो. आधी भिंती सरळ, मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा निळा-पिवळा तोल. सावलीतला काळा दगड निळसर येतो, तो थोडा उबदार करावा लागतो. मग सावल्या उचलायच्या, पण बेताने. दगड काळाच आहे, तो काळाच दिसला पाहिजे. नवशिक्यांचा हात सगळ्यात सैल सुटतो तो हिरव्या रंगावर. स्क्रीनवर लॉन पोपटी चमकतं, पण छापखान्याच्या सीएमवायके, म्हणजे चार रंगांच्या शाईत तो हिरवा बसतच नाही, मळकट होऊन येतो. पूर्ण ए-फोर पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे साधा २४ मेगापिक्सेलचा कॅमेराही पुरून उरतो. फक्त छापखान्याला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

माझ्या त्या एप्रिलच्या फोटोत एकच खोट होती. पोर्चच्या डावीकडच्या खिडकीखाली गॅदरिंगचा फ्लेक्स अजून लटकत होता. मी रात्री तीन तास बसून क्लोन टूलने तो पुसला, शेजारचे दगड उचलून त्यावर बसवले. स्वतःवर खूष होतो. छापखान्यातून प्रूफ आलं ते ऑफिसातल्या टेबलावर पसरलं होतं. तीस वर्षं तिथे शिपाई असलेले मामा चहा ठेवायला आले, वाकून बघितलं आणि खिडकीखाली बोट ठेवलं.

"हा कोपरा उडालेला दगड दोनदा कसा आला रे? तो एकच आहे."

मी फ्लेक्सचं सांगितलं. मामा काही न बोलता बाहेर गेले, स्टुलावर चढले आणि दोन मिनिटांत सुतळी सोडून फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून आले.

"आधी विचारायचं ना. मीच बांधला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी परत ट्रायपॉड लावला.