ब्युटी कोर्सची फी कधी वसूल होईल? प्रवेश घेण्याआधी करायचा हिशेब

कॉस्मेटॉलॉजीच्या शाळेत चौकशीला गेलात की दोन आकडे ऐकायला मिळतात: फी किती, आणि कोर्सनंतर महिन्याला किती मिळू शकतात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सहा-सात महिन्यांत पैसे वसूल झालेले दिसतात. हा भागाकारच चुकीचा आहे. कोर्स केला नसता तरी तुम्ही काहीतरी कमावलंच असतं. त्यामुळे फी वसूल होते ती दोन्ही कमायांतल्या फरकातून. वही-पेन घ्या आणि खालच्या क्रमाने जा.

१. हा कोर्स लागतोच का, ते आधी बघा

जिथे काम करायचं तिथला नियम वाचा. एकाच धंद्याचे नियम किती वेगळे असतात पाहा. ब्रिटनमध्ये केस कापायला सरकारी परवाना लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. जर्मनीत तीन वर्षं शिकाऊ म्हणून मुख्यतः सलूनमध्ये काम करत शिकतात आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना आणि त्यासाठी ठरावीक तासांचं शिक्षण. तेही बदलत असतं: टेक्सासने २०२१ च्या कायद्याने १,५०० तासांचे १,००० केले, कॅलिफोर्नियाने २०२२ पासून १,६०० चे १,०००. जादा तास म्हणजे जादा फी आणि कमाईविना जास्त महिने. म्हणून परवान्यापुरते तास किती आणि शाळा विकतेय किती, हे शेजारी-शेजारी लिहा. फक्त नखांचं किंवा फक्त त्वचेचं काम करायचं असेल तर छोटा कोर्स पुरतो का, तेही विचारा.

२. फीच्या पलीकडचा खर्च लिहा

किट, पुस्तकं, गणवेश, परीक्षा आणि परवान्याचं शुल्क, येण्याजाण्याचा खर्च, कर्ज असेल तर व्याज. किटमध्ये काय आहे ते उघडून बघा. बऱ्याचदा त्यातली कात्री पहिल्या नोकरीतच बदलावी लागते.

सगळ्यात मोठा खर्च मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतो: शिकताना बुडालेली कमाई. तो लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. पगाराचा नव्हे, खुर्चीचा हिशेब करा

या धंद्यात पैसे मिळण्याच्या तीन रीती आहेत: ठरलेला पगार, कामावर कमिशन, किंवा खुर्ची भाड्याने घेऊन स्वतःचं गिऱ्हाईक. कमिशनमध्ये गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेचा साधारण निम्मा भाग तुमचा, आणि रंग-क्रीमचा खर्च आधी वजा होतो की नंतर, यावर बरंच काही ठरतं. भाड्याच्या खुर्चीत वरवर सगळं तुमचंच दिसतं. समजा एका कामाचे १० मिळतात, साहित्यात २ जातात आणि आठवड्याचं भाडं ८० आहे. म्हणजे दर आठवड्याची पहिली दहा गिऱ्हाइकं सलूनमालकाची, तुमची कमाई अकराव्यापासून. नवख्या माणसाकडे अकरावं गिऱ्हाईक येतं का, हा खरा प्रश्न आहे.

हात बसायला आणि गिऱ्हाईक बांधायला वेळ लागतो, तोपर्यंत खुर्ची रिकामी असते. म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा ‘दहा वर्षं मुरलेल्या’ माणसाकडून घेऊ नका. त्याच शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघा-चौघांना गाठा, आणि कोर्स सोडून दिलेला एखादा भेटला तर त्याच्याशी जरूर बोला.

हातांचा विचारही इथेच. सतत पाण्यात, शाम्पूत आणि केसांच्या रंगात हात राहिल्याने त्वचा फाटणं, इसब होणं हे केशकर्तनाच्या धंद्यातलं नेहमीचं दुखणं आहे. मनगट आणि कंबरेचं दुखणं वेगळंच. आधीपासून त्वचा नाजूक असेल तर वीस वर्षांच्या कमाईचं गणित मांडण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

४. आता गणित मांडा

चलन बाजूला ठेवू, वरच्या खुर्चीच्या उदाहरणातले आकडेही. तुमची आजची महिन्याची कमाई १० धरा. फी १००, किट आणि परीक्षा मिळून १५, कोर्स दहा महिन्यांचा. नोकरी सोडलीत तर बुडाले १००. एकूण २१५.

कोर्सनंतर पहिलं वर्ष महिना ८ मिळाले, म्हणजे आजच्यापेक्षा कमीच: वर्षाचा फरक उणे २४. दुसऱ्या वर्षी १२, फरक अधिक २४. तिसऱ्या वर्षापासून १५, म्हणजे वर्षाला अधिक ६०. तीन वर्षांनी हाती आले ६०, अजून १५५ बाकी. वसुलीला कोर्सनंतर साधारण साडेपाच वर्षं. शाळेच्या भागाकारात (१०० भागिले १५) हेच सात महिन्यांत झालं होतं!

आता आकडे हलवून बघा. शिकताना अर्धवेळ काम केलं तर बुडीत ५० वर येते आणि वसुली पावणेपाच वर्षांवर. शिवाय फी ६० ची शाळा मिळाली, तर चार वर्षांच्या थोडं पुढे. आज तुमची कमाई शून्य असेल तर चित्र पूर्ण पालटतं, आणि तेव्हा हा कोर्स खरोखर लवकर वसूल होऊ शकतो.

५. महाग शाळा म्हणजे चांगली, असं धरू नका

अमेरिकेत स्टेफनी सेलिनी आणि क्लॉडिया गोल्डिन (२०२३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल मानकरी) यांनी नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था तपासल्या. केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत मिळू शकणाऱ्या संस्थांची फी, त्याच प्रकारचं शिक्षण देणाऱ्या पण मदतीला अपात्र संस्थांपेक्षा सुमारे ७५ टक्क्यांनी जास्त निघाली. कर्ज सहज मिळतंय म्हणून फी परवडते, असं वाटायला लागलं की थांबा. एक कसोटी तिथल्या शिक्षण खात्याच्या २०२३ च्या नियमातूनच घेता येईल: कर्जाचे वर्षभराचे हप्ते वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत बसावेत. त्यात कमाई पहिल्या वर्षाची घाला.

६. सही करण्याआधी लेखी मागा

प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत पूर्ण करतात, परवाना परीक्षेत किती उत्तीर्ण होतात, मध्येच सोडलं तर किती परत मिळतं, आणि ठरलेल्या तारखेनंतर उरलेल्या तासांची जादा फी लागते का. ही शेवटची अट छोट्या अक्षरात असते आणि आजारपणाच्या एका महिन्यात महागात पडते. शाळा विद्यार्थ्यांकडून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांची कामं करून घेत असेल, तर त्यात नवं शिकणं किती आणि टॉवेल धुणं किती, ते एक दुपार तिथे बसून बघून या.