सबवूफरची जागा कानांनी ठरवा
सबवूफर, म्हणजे फक्त बासचा (खर्जातल्या आवाजाचा) स्पीकर, कोपऱ्यात ढकलला की बास वाढतो खरा, पण बऱ्याचदा नुसता घुमतो. त्यापेक्षा तो थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास गिटार ठळक असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐका. घरचे हसतील, हसू द्या! जिथे प्रत्येक सूर सुटा आणि सारखा ऐकू येईल, ती त्याची जागा.

रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र) असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, त्यातच ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर न्या, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक लागतात. फेज, म्हणजे सबवूफर बाकी स्पीकरांबरोबर हलतो की उलटा, ० की १८०? दुसऱ्याला बटण बदलायला सांगा. बसल्या जागी बास भरीव लागेल ते ठेवा. सबवूफरचा व्हॉल्यूम शेवटी. निवेदकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला, तर कमी करा.