लायसन्सच्या खिडकीवरचा तो चौकोन

अमेरिकेत नवीन आलेले लोक मला घरभाडं विचारतात, क्रेडिट स्कोअर विचारतात, चांगली तूरडाळ कुठे मिळते तेही विचारतात. मतदानाबद्दल कुणीच विचारत नाही. व्हिसावर आलेल्यांचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेलात की संबंध येतो.

१९९३च्या कायद्यापासून बहुतेक राज्यांत लायसन्सच्या अर्जासोबतच मतदार नोंदणीबद्दल विचारतात. खिडकीपलीकडचा माणूस भराभर बोलत असतो: अवयवदान करणार? मतदार नोंदणी करायची? आपण मान डोलावत जातो. २००५ साली ग्रीन कार्डवर असताना मीही डोलावली आणि न वाचता सही केली. नागरिकत्वाचा चौकोन कोराच राहिला होता, तरी नाव यादीत चढलं. मत मी कधीच दिलं नाही. पण नागरिकत्वाच्या अर्जात सरळ प्रश्न असतो, ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का?’ मला ‘हो’ लिहावं लागलं. मग वकील, नाव काढल्याचं पत्र, मतदान केलं नसल्याचा दाखला. यात साडेतीन हजार डॉलर आणि दीड वर्ष गेलं.

आणि हे थोडक्यात निभावलं. नागरिक नसताना नागरिक आहे असं लिहून देणं हे देशाबाहेर काढायला पुरेसं कारण आहे. ‘चुकून झालं’ म्हटल्याने सुटका होईलच असं नाही. एच-वन (नोकरीचा व्हिसा), विद्यार्थी व्हिसा, ग्रीन कार्ड, काहीही असो, त्या खिडकीवर ‘नाही’ म्हणा. सही करण्याआधी कागद वाचा, मागे रांग खोळंबली तरी वाचा. ज्युरी ड्युटीचं, म्हणजे कोर्टात पंच म्हणून बसण्याचं, पत्र आलं तर फेकू नका, ‘नागरिक नाही’ यावर खूण करून परत पाठवा.

उमेदवाराला देणगी ग्रीन कार्डवाल्यांना चालते. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर एक डॉलरही चालत नाही, ओळखीच्या कुणी निधीच्या जेवणाचं तिकीट गळ्यात मारलं तरी. बिनपगारी पत्रकं वाटायला हरकत नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने नागरिक नसलेल्यांनाही दिलं आहे. पण २०२५च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात, हे मुलांना आधीच सांगा.

आता मला खुपणारी गोष्ट. आपल्या मंडळींना बारामतीत कोण पडणार हे विधानसभेच्या जागांसकट पाठ असतं, पण स्वतःच्या मुलांच्या स्कूल बोर्डावर, म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळावर, कोण बसलंय ते माहीत नसतं. इथे २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांनी मत दिलं. २०१४च्या मधल्या, म्हणजे अध्यक्षपदाच्या नसलेल्या, निवडणुकीत ४० टक्केही नाही. गावपातळीवर तर त्याहून कमी, म्हणजे शाळेचा कारभार कधी कधी शेदोनशे मतांवर ठरतो. न्यू जर्सीत आपल्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा वाटा शाळेलाच जातो. बोर्डाच्या सभा खुल्या असतात, तिथे बोलायला मिळतात दोन-तीन मिनिटं. जा. पहिल्या वर्षी नुसते ऐका.

निवडणुकीच्या सर्व्हेंवर पैजा लावू नका. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली, म्हणजे देशव्यापी सर्व्हे फारसे चुकले नव्हते. अध्यक्ष मात्र ट्रम्प झाले, कारण हिशेब राज्याराज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांचा असतो, अध्यक्ष त्यांवर ठरतो.

नागरिक झालात की यादीत नाव घाला, आणि प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, चुकवू नका. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत हरले आणि २०२२ साली डेट्रॉइटकडच्या जागेवरून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, गेले. ती जागा डेमोक्रॅट पक्षाच्या हातची, त्यामुळे खरी चुरस ऑगस्टच्या प्रायमरीतच होती. नोव्हेंबरच्या मंगळवारी देशभर सुट्टी नसते; ऑफिस लांब असेल आणि तुमच्या राज्यात चालत असेल तर पोस्टाने मतपत्रिका मागवा. पाकिटावर नोंदणीच्या वेळी केली होती तीच सही करा. इंग्रजी-मराठी अदलाबदल केलीत तर सही जुळत नाही म्हणून मत अडकू शकतं.