साइनरायटिंग: हात लिहिताना या चुका टाळा

बेळगावात खुणांची भाषा लिहायला शिकणाऱ्या नव्या मंडळींच्या वह्या उघडल्या की दर वेळी तेच: हात उलटे. व्हॅलेरी सटन यांनी 1974 साली काढलेल्या या पद्धतीत तळहात दिसला तर चिन्ह पांढरं, मळहात (हाताची मागची बाजू) दिसला तर काळं, कडेनं दिसला तर अर्धं-अर्धं. पण दिसला कुणाला? खूण करणाऱ्याला. समोर बसलेल्याला नव्हे. हे सगळ्यांना पाठ असतं, हातात पेन्सिल आली की विसरतं.

खानापूरची एक मुलगी गावातल्या कर्णबधिर आजोबांसमोर बसली आणि दिसेल तसं लिहीत गेली. वही भरल्यावर ती दुसऱ्या एका कर्णबधिर दादांना वाचायला दिली. हात छातीकडे ओढायची खूण होती. दादांनी कागदाप्रमाणे तळहात बाहेर केला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मुकाट्यानं पान उलटलं. तिथंही तीच गत. सगळं सरसकट उलटं असतं तर निस्तरलं असतं की! पण मधेच नियम आठवून काही पानं तिनं बरोबर लिहिलेली, आणि ती कुठली हे तिलाच सांगता येईना. तोवर आजोबा मुलाकडे पुण्याला गेलेले.

मी पेन्सिल खाली ठेवतो, खूण स्वतः करतो आणि आपल्याच हाताकडे बघून लिहितो. वेळ लागतो, लागू दे. ‘मोबाईलवर घेतो, घरी लिहितो’ म्हणणाऱ्यांनी निदान मागचा कॅमेरा वापरावा. पुढच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बऱ्याच फोनवर आरशासारखा उलटा साठतो.

हात जमिनीला समांतर असेल तर चिन्हात बोटांच्या मुळाशी फट सोडायची. ती हमखास राहते.

अंगठा कुठं आहे ते बघा. नुसता चौकोन काढून मूठ झाली म्हणू नका.

भुवया लिहा. प्रश्न विचारलाय हे बऱ्याचदा तिथंच कळतं.

इंटरनेटवरून अमेरिकन एकहाती बोटलिपीचा (बोटांनी अक्षरं दाखवायच्या खुणांचा) तक्ता छापून आणू नका. आपल्याकडची इंग्रजी अक्षरं दोन हातांनी होतात.

आणि वही शब्दांप्रमाणे लावू नका. आमच्या भागात तर नकोच. निपाणीच्या बाईंनी ‘पाणी’खाली आणि चिक्कोडीच्या सरांनी ‘नीरू’खाली (कन्नडात पाणीच) एकच खूण लिहिली, तर ती दोनदा मोजली जाते. कोणती बोटं वापरली यावरून हातांचे दहा गट या पद्धतीत आधीच पाडलेले आहेत. वही त्यांप्रमाणे लावा, शब्द कोपऱ्यात बारीक लिहा, मराठी असो की कन्नड.